एकाच गाडीतले दोघं

माणसाच्या काळजाची हकिगत कुठल्या कागदात सापडेल, सांगता येत नाही. लंडनमध्ये ती गणवेशाच्या मापांत सापडली. तिथल्या बससेवेत ड्रायव्हर-कंडक्टरांना कपडे मिळायचे आणि त्यांची मापं दफ्तरी लावून ठेवलेली असायची. जेरी मॉरिस या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ती मापं बाहेर काढून वयाप्रमाणे मांडली. कुठलाही वयोगट घ्या, ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरच्या पँटपेक्षा जास्त भरत होती.

पँटी मोजण्यापर्यंत गोष्ट का गेली, त्याला आधीचा इतिहास आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये हृदयविकाराने जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचा आकडा वाढत चालला होता आणि का, ते कुणालाच नीट उलगडत नव्हतं. मॉरिसला संशय होता माणसाच्या कामावर. पण तपासायचं कसं? कामगार आणि साहेब यांची तुलना करावी तर खाणं वेगळं, घर वेगळं, पगार वेगळा. बाकी सगळं जवळपास सारखं आणि काम तेवढं निराळं, अशी माणसं हवी होती. ती त्याला दुमजली बसमध्ये मिळाली. गाडी एक, रस्ता एक, वस्ती साधारण एकच. ड्रायव्हर पाळीतला जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसलेला. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत जिना चढतोय, उतरतोय. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे मिळून सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी पाहिल्या गेल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत वर्षाला हजारी २.७, कंडक्टरांत १.९. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा गाठायचा, आणि गाठला तरी पहिल्याच झटक्यात माणूस जाण्याचं प्रमाण कमी.

यावर कुणीही विचारील तेच तेव्हाही विचारलं गेलं. ड्रायव्हरच्या डोक्याला ताप असतो, कंडक्टरला तसा नसतो. मग दोष बसण्याचा कशावरून? मॉरिसने टपाल खात्याकडे पाहिलं. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेलिफोनवर आणि टेबलावर बसणारे दुसऱ्या बाजूला. फोन जोडून देणाऱ्याला कुठे रहदारीतून गाडी काढायची असते? तरी चित्र तेच निघालं. दुसरी शंका अधिक टोकदार होती, आणि ती पँटींतूनच आली. ड्रायव्हर तरुण वयातही जाड भरत असतील, तर नोकरीने त्यांना जाड केलं, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत होती? मॉरिसने हा अडचणीचा पुरावा लपवला नाही, स्वतःच छापला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी. निष्कर्ष त्यामुळे थोडा सैल झाला, पण मोडला नाही.

मी तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये रक्त काढते. माझे मामा एसटीत ड्रायव्हर. त्यामुळे लंडनची ही हकिगत वाचताना माझ्या डोळ्यांपुढे लंडन कमी आणि आमचा स्टँड जास्त येत होता. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. मॉरिसने आपलं संशोधन पथक उभं केलं तेही १९४८च. आपल्याकडची गाडी एकमजली, म्हणजे कंडक्टरला जिना नाही. पण बाजाराच्या दिवशी भरलेल्या गाडीत पिशव्या, कोंबड्या आणि म्हाताऱ्यांचे पाय ओलांडत शेवटच्या सीटपर्यंत जाऊन यायचं, मागचं दार नीट लागलं का बघायचं, दोरी ओढून डबल बेल द्यायची, हे काही बसून होत नाही. (आता आरक्षण मोबाइलवर आणि तिकीट मशीनवर, त्यामुळे कंडक्टरचीही ढेरी पुढे यायला लागली आहे. विनावाहक गाड्या धावतात तिथे तर तुलना करायला तो उरलाही नाही.)

मामांना व्यायामाचं काही सांगायला गेलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “अगं, दिवसभर इंजिनाच्या धगीला बसतोय मी. बनियन पिळून पाणी काढावं लागतंय. आनी कसला व्यायाम?” वाद घालणं कठीण, कारण बनियन खरंच ओलं असतं. पुढे इंजिन असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला ते तापलेलं बॉनेट असतं. मे महिन्यात त्यावर हात ठेववत नाही. जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं, तेव्हा आंबा घाटात वळण घेताना मामांचे खांदे भरून यायचे. पण घाम म्हणजे हालचाल नव्हे. स्टेअरिंग घट्ट धरून दंड आवळून ठेवले की रक्तदाब तेवढ्यापुरता वरच चढतो. पायांत मात्र क्लच-ब्रेकपलीकडे काही घडत नाही. मांड्यांचे स्नायू हे रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते दुकानात आलंच नाही तर माल पडून राहतो. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून तो खपवायचा प्रयत्न करतं, काही वर्षं जमतं, मग जमेनासं होतं. रक्तातली चरबी वापरायला काढणारं स्नायूंतलं विकरही (एन्झाइम) बसलेल्या माणसात मंदावतं, म्हणून साखरेपाठोपाठ ट्रायग्लिसराइडचा आकडा वाढलेला दिसतो. आमच्याकडे ड्रायव्हर लोकांचे रिपोर्ट छापताना हे दोन आकडे मला बऱ्याचदा जोडीने वर गेलेले दिसतात.

खाण्याबद्दल ड्रायव्हरांना सगळे बोल लावतात. पण ते कुठे आणि कधी खातात हे बघितलं तर बोलणाऱ्याची जीभ जरा अडखळेल. लांब पल्ल्याची गाडी ठरलेल्या हॉटेलवर थांबते. प्रवासी बाहेर वडापाव आणि कुरकुरे घेत असतात, ड्रायव्हर-कंडक्टरसाठी आत वेगळं टेबल मांडलेलं असतं. बिल नसतं. गाडी आणली त्याचा तो मोबदला. ताटात तर्रीची भाजी, तळलेले पापड, भात वाढू का म्हणून आग्रह, वर गोड चहा. फुकट मिळणाऱ्या ताटातून निवड काय करायची? आणि रातराणीवर हे जेवण रात्री एक-दीडला होतं. शरीराचं घड्याळ त्या वेळी झोपेच्या हिशोबाने चालत असतं. तेच ताट दुपारी खाल्लं असतं तर साखर जितकी वाढली असती त्याहून ती रात्री जास्त वाढते आणि उतरायला वेळ घेते. मग झोप येऊ नये म्हणून पुढच्या नाक्यावर चहा, आणि तळहातावर तंबाखू-चुना. तंबाखूने डोळा उघडा राहतो हे खरंच आहे, निकोटिन ते काम करतं. नाडी आणि दाब वाढवूनच करतं.

आमच्या लॅबमध्ये यातून एक चमत्कारिक पेच उभा राहतो. फलक लावलेला आहे: ‘उपाशीपोटी तपासणीसाठी आदल्या रात्री जेवल्यानंतर किमान आठ तास काही खाऊ नये.’ रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला हात पुढे करतो. कधी जेवलात? दीड वाजता. चहा? साडेपाचला, स्टँडवर. साखर घातलेला? मग काय बिनसाखरेचा? त्याची आदली रात्र अजून संपलेलीच नसते, मी उपाशीपोट कुठलं धरू? अशा माणसाला मी डॉक्टरांशी बोलून तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी सुचवते, म्हणजे एचबीएवनसी. ती जेवणाच्या वेळेवर अवलंबून नसते; मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते तांबड्या पेशींवर उमटलेलं असतं. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. तीनशे-चारशे रुपये जास्त पडतात, म्हणून पुष्कळजण नको म्हणतात.

सगळेच ड्रायव्हर ढेरीवाले असतात असंही नाही. काटक, गालफडं बसलेला माणूस येतो, आणि साखर अडीचशे निघते. घरच्यांचा विश्वास बसत नाही. मशीन चुकलं असेल म्हणतात. याचा उलगडा पुण्यात झाला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की भारतीय माणूस वजनाने बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असतो. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःलाच उदाहरण करून ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. दोघे डॉक्टर शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जास्त वजन आणि २५ला लठ्ठपणा धरायचा असं ठरलं आहे, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. मॉरिसच्या पँटींचा न्याय इथे लावायचा तर पट्ट्याची भोकं बघावी लागतील. मामांनी सुरीच्या टोकाने पट्ट्याला नवीन भोकं पाडून घेतलेली मी बघितली आहेत, बाहेरच्या बाजूने.

मामांचा दाब वाढलेला आहे हे कळलं आगारातल्या आरोग्य शिबिरात, आणि ते त्यांनी कितीतरी दिवस मानलंच नाही. त्यांचं म्हणणं होतं, गाडीवरून उतरलो, लॉगशीट दिली, चहा मारला, आणि लगेच दंडाला पट्टा बांधला, जास्तच येणार. यात तथ्य होतं. दाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, अर्धा तास चहा-तंबाखू नको, असा नियम आहे आणि शिबिरातल्या रांगेत तो पाळणं कुणाला परवडतं? पण घरी रविवारी सकाळी मी मोजला तेव्हाही वरचा आकडा दीडशेच्या पुढेच होता. मामी बाजूला भाकरी थापत होती. म्हणाली, “रात्री घोरता घोरता मधीच बंद पडतंय गं ह्यांचं. मी दचकून उठून बसते. मग एकदम हिसका देऊन सुरू हुतंय.” दाबाच्या यंत्रापेक्षा मला ती माहिती महत्त्वाची वाटली. झोपेत श्वास असा अडकला की रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून जागं होतं, दाब उसळतो. रात्रभर हे चालतं आणि सकाळी माणूस आठ तास झोपूनही पेंगत उठतो. मान जाड होत गेलेल्या माणसांत हे जास्त. आणि हाच माणूस पहाटे साठ माणसं घेऊन घाटात उतरणार असतो. मुक्कामी गाडीवर तर आठ तासही नसतात. रात्री साडेनऊला शेवटच्या गावात गाडी लावायची, डास मारत गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर पडायचं, आणि पहाटे पाचला स्टार्टर.

कागदावर सगळं नीट आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत असं घालून दिलं होतं. त्यात ड्रायव्हर कमी पडले की डबल ड्युटी आली, वाहतुकीत अडकलेले तास आले. माझ्या मते यातला सगळ्यात वाईट भाग तासांचा नाहीच. वेळापत्रक ऑफिस ठरवतं, खड्डे आणि कोंडी रस्ता ठरवतो, मध्येच हात दाखवून गाडी थांबवायची ते प्रवासी ठरवतात. आणि उशीर झाला की बोलणी ड्रायव्हरला. जबाबदारी पूर्ण, हातात काहीच नाही, हा कामाचा जो प्रकार आहे तो काळजाला बाधतो हे संशोधकांनी पुष्कळदा दाखवलंय. ओला-उबरवाल्यांचं आणि ट्रकवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांना ऑफिसही नाही. मोबाइलवर टार्गेट येतं किंवा मालकाचा फोन.

मग आपण बातमी वाचतो. ‘चालकाला हृदयविकाराचा झटका, प्रसंगावधान राखून बस बाजूला घेतल्याने प्रवासी बचावले.’ अशी बातमी आली की आमच्या ग्रुपवर सलाम आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो. मला त्या बातमीचा हल्ली राग येतो. त्याची साखर कोणी, कधी मोजली होती, हे एकाही बातमीत नसतं.

तपासणी सक्तीची केली की झालं, असं म्हणणारेही आहेत. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०१९च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी नूतन करायचा असतो, आणि डॉक्टरी दाखल्याचा जोर डोळ्यांवर, कानांवर, हातापायांवर. अमेरिकेत ट्रकड्रायव्हरला फार तर दोन वर्षांचा दाखला मिळतो. दाब १४०/९०च्या वर गेला की वर्षाचाच, १८०/११०ला तर दाखलाच नाही. एवढं करूनही तिथल्या सरकारी संस्थेने २०१०मध्ये लांब पल्ल्याच्या ट्रकड्रायव्हरांची पाहणी केली तर ६९ टक्के लठ्ठ निघाले. एकूण कामकरी लोकांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. आणि तपासणीतून पोटावर पाय येणार असेल तर माणूस तपासणीलाच चकवणार. साखर निघाली की ‘अनफिट’ म्हणतील, गाडीवरून काढून आगारात पंक्चर काढायला बसवतील, रात्रीचा भत्ता जाईल, ही भीती मी टेबलापलीकडून रोज ऐकते. एक ट्रकवाला बायकोच्या नावावर रक्त तपासायला सांगत होता.

खरी मेख गोळ्यांत आहे. मामांना दाबाची जी गोळी मिळाली तिच्यात लघवी वाढवणारं औषध होतं. स्वस्त, चांगलं, लाखो लोक घेतात. पण स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाने ती सकाळी आठला घेतली तर साडेनऊला काय करायचं? गाडी मध्येच थांबवता येत नाही. थांबवली तर चाळीस डोळे बघत असतात. म्हणून ड्रायव्हर मुळात पाणीच कमी पितात, मुतखडे होतात. एसटीत आता महिला चालकही आल्या आहेत. त्यांची तर थांब्यावर स्वच्छतागृह नसण्यापासूनच सुरुवात. मामांनी त्यावर तोडगा काढला होता: सुट्टीच्या दिवशी गोळी, ड्युटीच्या दिवशी नाही. मामांना दाबाबरोबर साखरही होती, तिच्या गोळीची तऱ्हा उलटी. ती जेवणाआधी घ्यायची म्हणून त्यांनी कोल्हापूर सोडताना घेतली, पुढे ट्रॅफिक लागलं, जेवण दीड तास लांबलं, आणि साखरप्याच्या अलीकडे हाताला कापरं भरलं, दरदरून घाम आला, समोरचा रस्ता धूसर झाला. साखर उतरली होती. कंडक्टरने प्रवाशांकडून चिक्की मागून घेतली. त्यानंतर मामांनी तीही गोळी बंद केली. कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते रिपोर्टमधून.

मी काही डॉक्टर नाही, गोळी बदलणं माझ्या हातात नाही. पण चिठ्ठीवर ‘सकाळी नाश्त्यानंतर – रात्री जेवणाआधी’ असं लिहिलेलं मी वाचलं, आणि विचारलं, “मामा, ह्या आठवड्यात तुमची सकाळ कधी असते?” ते हसले. सोमवारी पहाटे चारला, बुधवारी दुपारी, शुक्रवारी रातराणी. मी म्हटलं, हेच सगळं कागदावर लिहून द्या. त्यांनी ड्युटीचा चार्टच मोबाइलवर फोटो काढून आणला, मी तो लॅबच्या प्रिंटरवर छापला आणि दोघं जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. आधीची चिठ्ठी बाजूला सारली आणि म्हणाले, “लघवीची गोळी बदलून दुसरी देतो. साखरेची पण बदलू, जेवायला उशीर झाला तरी एकदम उतरणार नाही अशी. जरा महाग आहे, चालेल?” मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग डॉक्टर चार्टवर पेन टेकवून पहिल्यांदाच विचारत होते, “ही रत्नागिरी पोचते किती वाजता? आणि मध्ये पाली स्टँडला किती मिनिटं थांबता?”

“धा मिनिटं,” मामा म्हणाले. “पन एंट्री करायला उतरतो कंडक्टर. मी बसूनच असतोय.”

“मग आता एंट्रीला तुम्ही उतरायचं,” डॉक्टर म्हणाले, आणि तेही चिठ्ठीवर लिहिलं.